हलकी बाबागाडी: वजन नेमके कुठून वाचवायचे?

बाबागाडीच्या खोक्यावर आजकाल सर्वांत ठळक छापलेला आकडा वजनाचा असतो. कुणाची गाडी सात किलोची, कुणाची सहा, तर कुणाची पाचच्याही खाली. दुकानात विक्रेता ती एका हाताने उचलून दाखवतो आणि निम्मा सौदा तिथेच ठरतो. वजनाकडे पाहण्यात चूक काहीच नाही. आपल्या शहरांत बाबागाडी ढकलावी लागते तशीच वारंवार उचलावीही लागते. पण कमी केलेला प्रत्येक किलो कुठून तरी काढलेला असतो: चाकांतून, सांगाड्यातून, टपातून, पाठीच्या टेकणीतून नाहीतर पट्ट्यांतून. तो कुठून काढला आहे हे खोक्यावर लिहिलेले नसते. साधारण सहा-सात किलोची गाडी बहुतेक घरांना पुरेशी हलकी असते, असे माझे मत आहे. त्याहून खाली जायचेच असेल तर वजन मोठ्यांच्या सोयींतून कमी व्हावे, मुलाच्या वाट्याचे कमी होऊ नये. आणि काही घरांना तर हलक्या गाडीची गरजच नसते.

हलकी गाडी जन्माला आली तीच प्रवासाच्या अडचणीतून. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश वैमानिकी अभियंता होते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या आत दुमडणाऱ्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. लेक परदेशातून तान्हे मूल घेऊन आली, तेव्हा जडशीळ प्रॅमशी चाललेली तिची ओढाताण त्यांनी पाहिली आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. पेटंटसाठी अर्ज झाला १९६५ मध्ये, विक्री सुरू झाली १९६७ मध्ये. त्या गाडीचे वजन तीन किलोंच्या आत होते, म्हणजे आज ‘अतिहलकी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांपेक्षाही कमी. साठ वर्षांत धातू सुधारले, प्लॅस्टिक सुधारले, तरी गाडी जड झाली याचे कारण सोपे आहे. पहिली गाडी म्हणजे नळ्या, कापडाची बैठक आणि छोटी चाके एवढाच मामला होता. नंतर मागे झुकणारी पाठ आली, मोठा टप आला, खांद्यांवरून येणारे पट्टे आले, घडी आपोआप मिटू नये म्हणून दुहेरी कुलपे आली. वाढलेल्या वजनातला मोठा भाग मुलाच्या गरजांचा आहे. म्हणून चार-साडेचार किलोची गाडी समोर आली की तिच्यात काय आहे यापेक्षा काय उरलेले नाही ते आधी पाहावे.

दुसरे मोठे वळण विमानप्रवासाने दिले. फ्रान्सच्या बेबीझेन कंपनीची ‘योयो’ २०१२ मध्ये बाजारात आली. सुमारे सहा किलोची ही गाडी मिटल्यावर ५२ × ४४ × १८ सेंमीच्या चौकोनी गठ्ठ्याएवढी होते आणि विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावते. तेव्हापासून सगळे उत्पादक या चौकोनी घडीच्या मागे लागले. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या फर्स्टक्रायसारख्या दुकानसाखळ्यांत आज याच धर्तीच्या देशी-विदेशी गाड्यांची रांग दिसते आणि ‘केबिनमध्ये मावते’ हे शब्द जाहिरातीत पुढे असतात. वर्षातून एकदा-दोनदा विमानात बसणाऱ्या घराने मात्र या शब्दांसाठी जादा पैसे मोजू नयेत. बहुतेक विमान कंपन्या बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि तिथून सामानात घेतात. चौकोनी घडीचा आपल्याकडे खरा उपयोग रिक्षात होतो. छत्री-घडीची गाडी मिटल्यावर मीटरभर लांब राहते आणि रिक्षात ती तिरपी धरून बसावे लागते. चौकोनी गठ्ठा पायाशी राहतो.

आता उचलण्याचा हिशोब नीट मांडू, कारण हलक्या गाडीचे सगळे समर्थन त्यावरच उभे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार एक वर्षाच्या मुलग्याचे मध्यम वजन ९.६ किलो आणि मुलीचे ८.९ किलो असते. दोन वर्षांचे झाल्यावर ते १२.२ आणि ११.५ किलो होते. मूल आत बसलेले असताना गाडी फूटपाथवर चढवायची तर हँडल दाबून पुढची चाके वर टेकवतात आणि मग मागचा भाग उचलतात. तेव्हा हातांवर एकूण वजनाच्या साधारण निम्मा भार येतो. दोन वर्षांचे मूल आणि सहा किलोची गाडी मिळून अठरा किलो, म्हणजे हातावर नऊ. तेच नऊ किलोच्या गाडीत एकूण एकवीस, म्हणजे हातावर साडेदहा. फरक दीड किलोचा, कारण मूलच गाडीपेक्षा जड आहे. आता मूल कडेवर घेऊन गाडी मिटवली आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन जिने चढायला घेतले, की तीन किलोंचा तो सगळा फरक एका खांद्यावर येतो. लोकलचा पूल, एसटीची पायरी, रिक्षात चढणे-उतरणे, सगळीकडे हेच. गाडीचा हलकेपणा कामाला येतो तो अशा, मिटवून वाहण्याच्या वेळी. गाडी चालू असताना त्याचा फायदा किरकोळ असतो.

यावरून पहिला प्रश्न ठरतो: रोजच्या दिवसात ही गाडी किती वेळा मिटवून वाहावी लागणार आहे? दादर-परळच्या जुन्या चाळीत किंवा पुण्यातल्या पेठेत, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टविना राहणाऱ्या घराला हलकी गाडीच हवी. त्या घराने वजनाइतकेच लक्ष खांद्यावर अडकवायच्या पट्ट्याकडे आणि मिटल्यावर घडी पक्की राहण्याकडे द्यावे. जिन्यात मध्येच उलगडणारी सहा किलोची गाडी आठ किलोच्या पक्क्या घडीपेक्षा जास्त त्रास देते. उलट लिफ्ट, वाहनतळ, संकुलातले सपाट रस्ते आणि संध्याकाळी जवळची बाग एवढाच ज्या गाडीचा वावर आहे, ती आठ-नऊ किलोची असली तरी बिघडत नाही. अशा घराने मोठी चाके घ्यावीत.

चाकांचे महत्त्व आपल्याकडे फारच कमी ओळखले जाते. हलक्या गाड्यांची चाके साधारण १४ सेंमी व्यासाची असतात, कारण चाक लहान केले की वजनही घटते आणि घडीही. समजा, पेव्हर ब्लॉक उखडून तीन सेंमीची उभी कड तयार झाली आहे. गाडी न उचलता नुसती पुढे ढकलून चाक त्या कडेवर चढवायचे, तर १४ सेंमीच्या चाकासाठी त्या चाकावरच्या भाराच्या जवळजवळ दीडपट जोर आडवा लावावा लागतो. २५ सेंमीच्या चाकासाठी त्याच कडेवर भाराच्या साडेआठ दशांश जोर पुरतो. बलांच्या साध्या गणिताने निघणारा हा फरक मनगटांना दर वीस पावलांवर जाणवतो. पुढचे चाक असे अडले की गाडी पुढे कलंडू पाहते आणि मूल पट्ट्यावर आपटते. कडेची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी किंवा त्याहून जास्त झाली की चाक ढकलून चढतच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथची कड १५ सेंमीपेक्षा उंच नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असे म्हटले आहे. नियमाप्रमाणे बांधलेल्या कडेवरसुद्धा २५ सेंमीचे चाक चढत नाही, तिथे उताराची सोय लागतेच. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्याचे नवे रुंद फूटपाथ पाहिले की अशी सोय करणे शक्य आहे हे कळते. पण अशा तुकड्यांच्या मधला रस्ता आपल्याला चाकांच्या भरवशावर काढावा लागतो. म्हणून दोन गाड्यांत वजनाचा फरक अर्ध्या किलोचाच असेल तर मोठ्या चाकांची घ्यावी. हवा भरायची चाके लागत नाहीत. भरीव फोमची बरी, काटा-खिळा लागून बसत नाहीत.

मुलाच्या वाट्याचे वजन म्हणजे काय, तेही स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात पाच वर्षांपर्यंतच्या सुमारे ३ लाख ६० हजार मुलांना बाबागाडी किंवा बेबी कॅरियरशी संबंधित दुखापतींसाठी तातडीच्या विभागात न्यावे लागले, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. सरासरी काढली तर तासाला दोन मुले. बहुसंख्य दुखापती गाडीतून पडल्याने झालेल्या, त्याखालोखाल गाडी उलटल्याने, आणि मार बहुधा डोक्याला. म्हणजे खांदे, कंबर आणि दोन पायांमधून येऊन पाच ठिकाणी अडकणारा पट्टा ही चैन नव्हे. स्वस्त हलक्या गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो. त्यातून दीड वर्षाचे चपळ मूल उभे राहते, आणि पायांमधला पट्टा नसेल तर लहान मूल खाली घसरते. गाडी उलटण्याचे सर्वांत नेहमीचे निमित्त भाजीची पिशवी. पाच किलोची पिशवी मागच्या हँडलला लटकलेली असेल आणि मूल उतरवले, तर सहा किलोची रिकामी गाडी तिला तोलू शकत नाही. पाठ मागे झुकवून मूल झोपलेले असेल तर ते आत असतानाही तोल मागे जातो. गाडी जितकी हलकी तितके हे लवकर घडते. हलक्या गाडीच्या हँडलला काही अडकवू नये, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा.

सांध्यांचेही तसेच. २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख छत्री-घडीच्या गाड्यांसाठी सुधारणा जाहीर करावी लागली. उघडताना-मिटताना बिजागरीत बोट सापडून बोटाचा शेंडा तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. उपाय होता बिजागरीवर बसवायचे कापडी आवरण. आजही गाडी निवडताना सगळे सांधे झाकलेले आहेत का ते बोट फिरवून पाहावे, आणि गाडी उघडता-मिटताना मूल हाताच्या अंतरावर ठेवावे. युरोपात बाबागाड्यांसाठी ‘ईएन १८८८’ हे मानक आहे. २०१८ पासून त्याचे दोन भाग आहेत, एक १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा २२ किलोपर्यंतच्या. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर या मानकाचा उल्लेख असतो. तो नसेल तर विक्रेत्याला विचारायला संकोचू नये. तीन वर्षांच्या मुलाचे वजन चौदा किलोच्या आसपास असते, म्हणून १५ किलोंची मर्यादा असलेली गाडी सव्वातीन-साडेतीन वर्षांपर्यंतच पुरेल हे धरून चालावे.

वय हा यातला सर्वांत कडक निकष. त्याच युरोपीय मानकानुसार बैठक आणि पाठ यांतला कोन १५० अंशांपेक्षा कमी असेल, तर ती बैठक सहा महिन्यांखालच्या बाळासाठी योग्य नाही. ज्याची मान अजून धरलेली नाही त्याला अर्धवट बसवले की डोके पुढे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बहुतेक अतिहलक्या गाड्यांची पाठ इतकी मागे जात नाही. म्हणजे बाळंतपणाआधी हौसेने घेऊन ठेवलेली पाच किलोची गाडी पहिले सहा महिने बाळाच्या कामाची नसते. त्या काळात झोळी, कडेवर घेणे आणि आजीची मांडी यांनी भागते. गाडीचा निर्णय बाळ बसू लागण्याच्या सुमारास घ्यावा. तोवर घराला आपली गरजही कळलेली असते.

ऊन आणि धूर हे दोन मुद्दे परदेशी परीक्षणांत मागे राहतात, आपल्याकडे ते पुढे असायला हवेत. वजन वाचवण्यासाठी टप छोटा केलेला असतो. मग आई-वडील त्यावर दुपट्टा किंवा ओढणी पांघरतात. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की कोरडे कापड पांघरले की गाडीच्या आतले तापमान काही अंशांनी वाढते. ओले मलमलीचे कापड आणि छोटा पंखा असेल तर ते सुमारे पाच अंशांनी खाली येते. हा ओल्या कापडाचा उपाय कोरड्या हवेत चांगला चालतो. कोकणातल्या दमट उकाड्यात त्याचा गुण कमी येणार, कारण पाणी उडून गेल्याशिवाय गारवा येत नाही. कापडापेक्षा गुडघ्यापर्यंत सावली देणारा टप आणि पाठीला जाळी असलेली गाडी बरी. टपासाठी दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त गेले तर खुशाल जाऊ द्यावेत. धुराचे प्रकरण अधिक चिंतेचे. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्रशांत कुमार यांच्या गटाने दाखवले आहे की गाडीतले मूल जमिनीपासून ५५ ते ८५ सेंमी उंचीवरची हवा घेते. वाहनांचा धूरही जमिनीलगतच बाहेर पडतो, आणि शाळेच्या वेळेत मुलांना सोबतच्या मोठ्या माणसापेक्षा ४४ टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण मिळू शकते. छत्री-घडीच्या गाड्यांची बैठक आणखी खाली असते. दोन गाड्या बाकी सारख्या असतील तर उंच बैठकीची घ्यावी, आणि सिग्नलला रिक्षा-बसच्या मागे गाडी उभी करू नये.

मुलाचे तोंड कुणीकडे असावे, यावर खरे मतभेद आहेत. डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये ब्रिटनमधल्या रस्त्यांवर अडीच हजारांहून अधिक पालक-मुलांच्या जोड्यांचे निरीक्षण करून मांडले की मूल पालकाकडे तोंड करून बसलेले असेल, तर पालक त्याच्याशी दुपटीहून जास्त वेळा बोलतात. हलक्या गाड्यांत बैठक उलटी करण्याची सोय बहुधा नसते, कारण ती यंत्रणा एक-दीड किलो वजन आणते. यावर असे म्हणता येईल की बोलका पालक कुठूनही बोलेल आणि अबोल पालक समोरून पाहूनही गप्प राहील. या आक्षेपात तथ्य आहे, कारण रस्त्यावरच्या निरीक्षणातून कारण आणि परिणाम नक्की वेगळे करता येत नाहीत. झीडिक यांनी स्वतः वीस माता-बालकांवर छोटा प्रयोगही केला. त्यात त्याच आया गाडीची दिशा बदलल्यावर जास्त बोलल्या, पण वीस ही संख्या थोडी आहे. मला दिसते ते असे: वर्षाच्या आतल्या बाळाला रोज तासभर फिरवणार असाल तर समोरासमोरच्या बैठकीचे वजन सोसावे. मूल दीड वर्षाचे आहे आणि फेरी वीस मिनिटांची आहे, तर पुढे तोंड असलेली हलकी गाडी चालेल. आपल्या गोंगाटाच्या रस्त्यांवर मागून बोललेले ऐकू जात नाही, म्हणून मध्ये थांबून समोर यावे.

मूळ प्रश्नावरच आक्षेप घेणारेही आहेत. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मुले कडेवर वाढली, रस्ते गाडीचे नाहीत, मग हा खर्च कशाला, असे ते विचारतात. पहिल्या सहा महिन्यांपुरते त्यांचे म्हणणे मला पटते. पण पुढे बारा किलोचे मूल कडेवर घेऊन बाजार करणारी व्यक्ती आज बऱ्याच घरांत साठीची आजी असते. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या आजीला मुलाला बागेत नेण्याचे दार गाडीमुळे उघडते. दुसरा आक्षेप मुलाच्या चालण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की पाच वर्षांखालच्या मुलाला सलग तासाभरापेक्षा जास्त वेळ गाडीत, खुर्चीत किंवा पाठीवर बांधून ठेवू नये. ही मर्यादा कडेवर आणि झोळीत बांधलेल्या मुलालाही लागू आहे, हे गाडीविरोधकांनी लक्षात घ्यावे. उलट हलकी गाडी इथे उपयोगी पडते. मूल चालू लागले की ती एका हाताने ओढता येते आणि दमल्यावर त्याला पुन्हा बसवता येते.

किमतीबद्दल थोडक्यात. आपल्या बाजारातल्या साध्या छत्री-घडीच्या गाड्या काही हजारांत मिळतात, आयात केलेल्या नावाजलेल्या गाड्यांना त्याच्या दहापट मोजावे लागू शकतात. मधल्या किमतीच्या गाड्यांत बहुतेक घरांना लागणारे सगळे सापडते. नातेवाइकांकडून आलेली जुनी गाडी तर मी आनंदाने घ्यायला सांगेन, फक्त सांधे, ब्रेक आणि पट्ट्याचे बकल नीट तपासून. किनाऱ्यावरच्या गावांत ॲल्युमिनियमचा सांगाडा टिकतो, पण लोखंडी आस आणि रिव्हेटा गंजतात. पावसाळ्यात घरात मिटून ठेवलेल्या गाडीच्या कापडाला बुरशी धरते, म्हणून कापड काढून धुता येणारे हवे.

दुकानात जाताना मुलाला बरोबर न्यावे. त्याला बसवून पट्टे लावावेत आणि गाडी दुकानाच्या उंबऱ्यावरून दोनदा न्यावी. ज्याच्या हाती ती रोज राहणार आहे, आजी असो वा बाबा, त्यानेच ढकलून पाहावे, कारण परदेशी मापाचे हँडल दीडशे सेंमी उंचीच्या बाईला छातीशी येते. मग मूल एका कडेवर घेऊन, विक्रेत्याची मदत न घेता, गाडी मिटवावी आणि तशीच उचलून दुकानाचा जिना एकदा चढून यावे. ब्रेक लावून उतारावर ती हलते का, तेही तिथेच पाहावे.